स्कॉटलंडचा कोट, पुण्याचा उन्हाळा

चपला, रिमोट, धुवायला टाकलेले मोजे. गोल्डन रिट्रीव्हरचं पिल्लू घरात आलं की यातलं काहीही कुठल्याही खोलीत सापडू लागतं आणि घरची मंडळी त्याला द्वाड ठरवून मोकळी होतात. खरं तर ते आपलं पिढीजात काम करत असतं. पुढे लॉर्ड ट्वीडमथ झालेल्या जमीनदाराने १८६८ मध्ये स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात नाउस हा पिवळा रिट्रीव्हर आणि बेल ही ट्वीड वॉटर स्पॅनियल जातीची मादी यांची जोडी लावली. शिकारीत पडलेला पक्षी गार पाण्यातूनही दात न रुतवता आणून देणारा कुत्रा त्याला हवा होता. आजचे गोल्डन त्याच जोडीच्या वंशातले.

वस्तू तोंडात धरण्याची ही ओढ मोडता येत नाही, तिला वळण लावता येतं. मोजा पळवणाऱ्या पिलामागे घरभर धावलं, तर त्याच्या लेखी तो दिवसातला सर्वांत मजेचा खेळ ठरतो. जबडा उचकटून वस्तू हिसकावणं त्याहून वाईट, कारण मग पिल्लू आपल्या तोंडातलं राखण्यासाठी गुरगुरायला शिकतं. त्यापेक्षा उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा बारीक तुकडा नाकाशी धरावा. तोंड उघडताना ‘सोड’ म्हणावं, तुकडा द्यावा आणि ती वस्तू त्याचंच खेळणं असेल तर परतही द्यावी. सोडल्याने काही हातचं जात नाही, हे पटलेलं पिल्लू पुढे रस्त्यावरचं हाडही सोडायला तयार होतं. सराव चार-पाच मिनिटांचाच असावा, पण रोज. आजोबांनी ‘बस’ आणि नातीने ‘सिट’ म्हणायचं, असं मात्र नको. शब्द सगळ्यांचा एकच.

साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू नव्या गोष्टी सहज स्वीकारतं. लसीकरण पूर्ण होईपर्यंत त्याला रस्त्यावर सोडू नये हे खरं, पण कडेवर घेऊन रिक्षा, कुकरची शिट्टी, शाळकरी मुलांचा गलका यांची ओळख करून देता येते.

खरी कसोटी हवामानाची. कुत्र्याला घाम येतो तो फक्त पंजांच्या गाद्यांना. अंग निववण्याचं मुख्य साधन म्हणजे धापा टाकणं, आणि मुंबईच्या दमट हवेत तेही अपुरं पडतं. म्हणून फिरणं सूर्योदयापूर्वी किंवा रात्री उशिरा. रस्त्यावर हाताची मागची बाजू काही सेकंद टेकवता येत नसेल, तर पंजेही पोळतात. कुत्रा अडखळू लागला, लाळ गळू लागली, हिरड्या लालभडक झाल्या, तर आधी अंगावर साधं पाणी ओतावं, पंखा लावावा आणि मग दवाखाना गाठावा.

एप्रिल आला की अनेक घरांत त्याचं मुंडण होतं. हे करू नये. वरचे लांब केस ऊन आणि पाणी अडवतात, आतली मऊ लव वेगळी असते. कापल्यावर दोन्ही पूर्ववत येतीलच असं नाही. गळणारी लव ब्रशने काढली की हवा कातडीपर्यंत पोचते. पावसाळ्यात हीच लव ओली राहिली तर कातडीवर चट्टे उठतात, लोंबत्या कानांत संसर्ग होतो. बोटांच्या बेचक्यांत आणि कानांच्या मागे गोचीड शोधावी. गोचिडताप जिवावर बेतू शकतो.

खाण्यात सर्वांत धोकादायक ठरते ती माया. मनुका, द्राक्षं, कांदा, लसूण, चॉकलेट पूर्ण वर्ज्य. मोठ्या जातीच्या पिलाला डॉक्टरांना न विचारता कॅल्शियमचं औषध पाजलं, तर हाडांची वाढ बिघडू शकते. खुब्याच्या सांध्याचा विकार या जातीत बराच आढळतो. म्हणून पिल्लू घेतानाच आईबापांच्या खुब्यांचे एक्स-रे मागावेत आणि वजन आयुष्यभर आटोक्यात ठेवावं.

गोल्डनमध्ये कर्करोगाचं प्रमाण जास्त. त्याची कारणं शोधण्यासाठी अमेरिकेत २०१२ पासून तीन हजारांहून अधिक गोल्डनचा आयुष्यभर मागोवा घेणारा अभ्यास सुरू आहे. घरी करण्याजोगं एवढंच, की ब्रश करताना सगळ्या अंगावरून बोटं फिरवावीत आणि नवी गाठ लागली तर ती वाढण्याची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावी. सुईने थोड्या पेशी काढून पहिली तपासणी लगेच होते.