क्रम आणि व्यत्यय

विद्यार्थ्यांना घेऊन मी वेरूळला अनेकदा गेलो. सोळाव्या लेण्यासमोर, म्हणजे कैलासासमोर, उभे राहिल्यावर मूर्तींविषयी बोलण्यापूर्वी मी मुलांना विचारीत असे, “या कामाचा आरंभ कोठून झाला असेल?” बहुतेक मुले पायथ्याकडे बोट दाखवीत. वास्तविक, आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळी कारागिरांनी हे मंदिर डोंगराच्या माथ्यापासून खाली कोरीत आणले. बांधीव मंदिरातील चिरा चुकला तर बदलता येतो. येथे निघालेला दगड पुन्हा लावण्याची सोय नाही. म्हणून कोणते काम कोणाच्या आधी, हे ठरविल्यावाचून छिन्नी उचलणेच अशक्य होते.

कृष्ण याज्ञवल्कीच्या ‘कथाकल्पतरू’ या ग्रंथात याविषयी एक कथा आहे. राजा व्याधिमुक्त व्हावा म्हणून राणी माणिकावतीने शिवालय उभारण्याचा नवस केला आणि त्याचे शिखर दृष्टीस पडेपर्यंत अन्न न घेण्याचे व्रत धरले. आधी पाया, मग भिंती, शेवटी शिखर असा क्रम धरला असता तर राणीचे प्राण वाचते ना! पैठणच्या कोकास नावाच्या शिल्पकाराने माथ्यापासून कोरण्यास आरंभ केला आणि आठवड्याच्या आत शिखर दाखविले. ही आख्यायिका आहे, इतिहास नव्हे. तरी तिच्यात एक मर्म आहे. कोकासाचे हात इतरांहून वेगाने चालत, म्हणून राणी वाचली असे नाही. मुदत कोणत्या कामाला आहे हे त्याने ओळखले आणि ते काम आधी घेतले.

संगणकातही हाच प्रश्न क्षणोक्षणी उभा राहतो. कामे पुष्कळ असतात. पण ती करणारा गणनाचा भाग एका वेळी एकच काम हाती घेऊ शकतो. कोणते काम केव्हा घ्यावे, हे कार्यप्रणालीतील नियोजक ठरवितो. त्यातच बाहेरून हाका येतात: कोणी कळ दाबतो, कोठे उष्णता वाढल्याचा संकेत येतो. अशा हाकेला ‘व्यत्यय’ म्हणतात.

मी मुख्याध्यापक असताना शिपाई सूचनावही घेऊन वर्गावर्गांतून फिरे. जाणता शिक्षक गणित थांबवी, सूचना वाचून सही करी आणि फळ्यावरील त्याच पायरीपासून पुढे शिकवू लागे. काही जण मात्र सूचनेवरच बोलत बसत आणि तास संपून जाई! चांगली कार्यप्रणाली पहिल्या शिक्षकासारखी वागते. थांबल्याची जागा ती जपून ठेवते, व्यत्ययाची अत्यावश्यक तेवढीच दखल घेते आणि उरलेले काम त्याच्या योग्यतेनुसार रांगेत लावते.

येथे केवळ वेग पुरत नाही. मोटारीला धडक बसली असता आतील हवेची पिशवी एरवी वेळेवर फुगते, पण क्वचित उशीर करते, असे चालेल काय? जास्तीत जास्त विलंब किती, हे आधीच ठाऊक असावे लागते. कार्यप्रणाली निरनिराळे घटक जोडून रचली असेल, तर प्रत्येक घटकाला लागणारा अधिकात अधिक वेळ मोजून हा हिशेब मांडणे सोपे जाते. परंतु घटक एकमेकांची वाट कशी अडवितात, हेही पाहावे लागते.

याचा धडा थेट मंगळावर मिळाला. ४ जुलै १९९७ रोजी अमेरिकेचे ‘पाथफाइंडर’ यान तेथे उतरले. पुढे त्याचा संगणक मधूनच आपोआप नव्याने सुरू होऊ लागला आणि त्या दिवसाची उरलेली कामे लांबणीवर पडू लागली. हवामानाची नोंद करणारे एक कनिष्ठ काम सामाईक साधनाला जणू कुलूप लावून बसे. अत्यंत महत्त्वाचे काम ते कुलूप उघडण्याची वाट पाही. तोच मधल्या दर्जाची कामे येऊन कनिष्ठाला बाजूस सारीत. कनिष्ठाचे काम संपेना, म्हणून वरिष्ठाचे सुरू होईना! वेळ टळली की राखणदार यंत्रणा सारा संगणक नव्याने सुरू करी. अभियंत्यांनी पृथ्वीवरील तशाच यंत्रावर हा घोटाळा पुन्हा घडवून पाहिला आणि उपाय शोधला: वरिष्ठ काम खोळंबले असेल तेवढ्यापुरता कनिष्ठाला वरिष्ठाचा दर्जा द्यावा. ही सोय त्या प्रणालीत मुळातच होती. ती फक्त बंद ठेवलेली होती. पृथ्वीवरून आज्ञा पाठवून ती चालू करण्यात आली.