क्लच दाबला की कुरकुर? तेल ओतण्याआधी कान लावा

तंजावरच्या जुन्या गावातल्या राजवीथ्यांमधून मालाची गाडी काढायची म्हणजे पायाची परीक्षाच. पुढे दुचाकी, बाजूला रिक्षा, मध्येच थांबलेली बस. दर चार हातांवर क्लच दाबा, सोडा, पुन्हा दाबा. गाडी जुनी असेल तर या प्रत्येक दाबासरशी पायाखालून ‘कुईं’ असा आवाज येतो. तुमच्या घरी पिकअप असेल तर तो तुम्ही नक्की ऐकला असेल.

इथे टाटा एसला लोक ‘कुट्टी यानै’ म्हणतात, म्हणजे हत्तीचं पिल्लू. आपल्या महाराष्ट्रातला ‘छोटा हत्ती’ तो हाच. ही गाडी २००५ साली आली, म्हणजे सुरुवातीच्या काही गाड्यांची आता विशी उलटली आहे. एवढ्या वयात कुरकुर व्हायचीच, असं म्हणून बरेच जण दुर्लक्ष करतात. पण ही कुरकुर दोन प्रकारची असते. एक ग्रीसच्या बोटभर गोळ्याने जाते. दुसरीसाठी गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. आपली कुठली, हे आधी कळायला हवं.

कावेरीच्या या भागात त्याला जास्तच महत्त्व आहे. ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस असतो. ड्रायव्हर शेतातून चिखलाचे, ओले पाय घेऊन थेट केबिनमध्ये चढतो. ते पाणी आणि माती पेडलच्या सांध्यांपर्यंत पोचते, ग्रीस धुऊन जातं, लोखंड गंजतं. मग जानेवारी-फेब्रुवारीत सांबा हंगामाचं भात निघतं, तेव्हा गाडीला एक दिवसही सुट्टी नसते. सरकारी खरेदीत भाताच्या ओलाव्याची नेहमीची मर्यादा १७ टक्के आहे. पोती भरलेली, आभाळ भरून आलेलं आणि क्लच केबल तुटून गाडी बांधावर उभी, ही वेळ कोणावरच येऊ नये.

आता कामाला लागू. गाडी सपाट जागेवर उभी करा, इंजिन बंद, गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढा आणि चाकाला विटा लावा. घरातल्या कोणाला तरी सीटवर बसवून क्लच अगदी सावकाश दाबायला सांगा. तुम्ही मोबाइलची टॉर्च लावून खाली वाका आणि ऐका. (हे काम मुलांना फार आवडतं. टॉर्च त्यांच्याकडे द्या, हात मात्र पेडलच्या मागे घालू देऊ नका.) आवाज नेमका कुठला हे कळत नसेल तर संशयाच्या जागी हलकं बोट टेकवा. जिथून आवाज येतो तिथे बारीक थरथर लागते. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक तिथे टेकवून मूठ कानाशी धरली तरी चालतं. जुने मिस्त्री असंच करतात.

इंजिन बंद असतानाही केबिनमधूनच आवाज आला, तर सुटलात. बहुतेक वेळा पेडल ज्या दांड्यावर झुलतं तिथला बुश कोरडा पडलेला असतो. नाहीतर पेडल मागे आणणाऱ्या स्प्रिंगचा आकडा घासत असतो, किंवा पेडलला पुढचा रॉड जोडणारी पिन. पेडल हाताने डावी-उजवीकडे हलवून पाहा. खडखड हललं तर बुश झिजलाय, तो बदलायलाच हवा. ग्रीसने चार दिवस शांतता मिळेल, इतकंच.

इंजिन बंद असताना केबिनमध्ये शांतता आहे, पण बॉनेटखालून किंवा गिअरबॉक्सच्या बाजूने करकर येते? मग क्लचचा फोर्क किंवा त्याचा टेकू कोरडा असू शकतो. आणि इंजिन चालू असताना क्लच दाबला की घरघर सुरू, सोडला की बंद, असं असेल तर संशय रिलीज बेअरिंगवर. उलट असेल, म्हणजे सोडल्यावर घरघर आणि दाबल्यावर शांत, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग पाहावं लागतं. यातलं काहीही घरी करायचं नाही. फटीतून आत तेल तर मुळीच मारू नका. ते क्लच प्लेटवर गेलं की प्लेट घसरते आणि छोट्या खर्चाचं मोठं बिल होतं.

केबिनमधल्या सांध्यासाठी मात्र आधी सफाई. जुन्या टूथब्रशने माती काढा, गंज असेल तर डब्ल्यूडी-४० सारखा स्प्रे मारून पुसून घ्या. अनेक जण इथेच थांबतात, आणि आठवड्याने आवाज परत येतो. पातळ स्प्रे टिकत नाही. सफाईनंतर लोखंडावर लिथियम ग्रीस आणि प्लास्टिकचा बुश किंवा रबर असेल तिथे सिलिकॉन ग्रीस लावा. साधं पेट्रोलियमचं ग्रीस काही रबरांना फुगवतं. तंजावरच्या घरात तिळाचं तेल हाताशी असतं, आपल्याकडे खोबरेल. दोन्ही स्वयंपाकघरातच राहू द्या. त्यांच्यावर धूळ बसून चिकट थर होतो.

स्प्रे मारताना खाली जुनं फडकं अंथरा आणि शेवटी तिन्ही पेडलांचे रबर कोरड्या कापडाने पुसा. ब्रेकच्या पेडलवर तेल राहिलं आणि पाय घसरला, तर कुरकुर परवडली म्हणायची वेळ येईल. स्प्रिंग पकडीने ओढून काढायच्या भानगडीत पडू नका, ती सुटून डोळ्याला लागू शकते.

खाली वाकलातच आहात तर आणखी एक गोष्ट पाहा. गाडीला क्लच केबल असेल तर तिच्या टोकाशी तारा सुटलेल्या दिसतात का? एक जरी तार तुटलेली दिसली तरी केबल आत्ताच बदला, हंगामाची वाट पाहू नका. गाडीचा क्लच हायड्रॉलिक असेल, तर पेडलच्या रॉडपाशी ओल आहे का ते बघा. ओल असेल तर मास्टर सिलिंडरचा सील गेलाय. त्या टाकीत ब्रेक ऑइलच लागतं, डबीवर लिहिलेल्या ग्रेडचं. इंजिन ऑइल चुकूनही नाही.

आणि तंजावरला गॅरेजमध्ये जायची वेळ आलीच, तर मिस्त्रीला म्हणा, ‘क्लच मिदिक्कुम्पोदु सत्तम् वरुदु.’ म्हणजे क्लच दाबताना आवाज येतो. इंजिन बंद ठेवूनही येत असेल तर पुढे जोडा, ‘इंजिन ऑफ पण्णालुम् वरुदु.’ एवढं ऐकलं की तो गिअरबॉक्सकडे न जाता आधी पेडलखाली डोकं घालेल.