बेणे हे बी नव्हे : परसातील बटाट्याविषयी

कार्तिकी पौर्णिमेला संत मन्मथस्वामींच्या समाधीचे दर्शन घेऊन बीड जिल्ह्यातील कपिलधारच्या दरीतून दिंड्या परतू लागतात, तेव्हा बालाघाटच्या पठारावर पावसाचे दिवस मागे पडून रात्री गार होऊ लागलेल्या असतात. आणि ज्यांच्या परसात आठवड्याला चार घागरी पाणी फिरू शकते, त्यांच्यासाठी बटाटा लावण्याची मुदत नेमकी हीच असते. या पौर्णिमेपासून महाशिवरात्रीपर्यंत तिथीने मोजले तर सुमारे १०२ दिवस भरतात, आणि बटाट्याच्या पुष्कळशा जातींना जमिनीत ९० ते १०० दिवस पुरतात; म्हणजे यात्रेहून परतल्यावर आठवड्याच्या आत लावलेले बेणे शिवरात्रीच्या फराळाला घरच्या बटाट्याच्या रूपाने ताटात येऊ शकते. असा योग दरसाल जुळून येत असता आमच्या मुलखातील परसात बटाटा क्वचितच दृष्टीस पडतो, याचे कारण मला जमिनीत किंवा हवेत सापडत नाही; ते काही जुन्या समजुतींत सापडते.

पहिली समजूत अशी की, बटाटा हे थंड मुलखाचे पीक असून बीडच्या उन्हात ते यायचे नाही. यातील अर्धाच भाग खरा आहे. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतात जन्मलेल्या आणि पोर्तुगिजांबरोबर नावासकट आपल्याकडे आलेल्या या वनस्पतीला कंद धरण्यासाठी गारवा लागतो हे निर्विवाद. परंतु तो विशेषतः रात्रीचा लागतो, आणि १५ ते २० अंशांची ती रात्र कार्तिक ते माघ या काळात आमच्याकडे मुबलक असते. फाल्गुन-चैत्रात लावणाऱ्याला मात्र नुसता पालाच मिळतो. आंबेगाव तालुक्यातील सातगाव पठारावर खरिपात बटाटा होतो हा दाखला इथे कामाचा नाही. तिथला पावसाळा थंड आणि ढगाळ असतो, आमचा तसा नसतो.

दुसरी समजूत मला सर्वांत मुळाशी असलेली वाटते, कारण पुढचे बहुतेक घोटाळे तिच्यातूनच जन्मतात. बेण्याला लोक बी समजतात, आणि बटाट्याला मूळ. बटाटा यांपैकी काहीच नाही. तो जमिनीखाली फुगलेले खोड आहे. ज्या जिल्ह्यातून दरसाल असंख्य कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, तिथे ही गोष्ट समजावण्यास वेगळा दृष्टान्त शोधावा लागू नये: उसाच्या टिपरीवर जो डोळा असतो, तोच बटाट्यावरचा डोळा; आणि टिपरीतून जसा ऊस उभा राहतो, तसेच या डोळ्यांतून झाड उभे राहते. शिवाय हे खोड काढणीनंतर झोपी जाते. जातीपरत्वे दीड ते तीन महिने त्याला कितीही ओल दाखवली तरी ते जागे होत नाही, आणि अशा नुकत्याच काढलेल्या बटाट्याला कोंब आला नाही म्हणून तो वांझ ठरवणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

स्वयंपाकघरातील टोपलीत कोंब फुटलेला कोणताही बटाटा बेणे म्हणून चालतो, असेही सर्रास मानले जाते. तो उगवेल यात शंका नाही. पण माव्यामार्फत पसरणारे विषाणुरोग कंदाच्या आत दडून बसतात, बाहेरून त्यांची खूण बहुधा दिसत नाही, आणि लागवडीनंतर पाने गुंडाळू लागली की मगच उलगडा होतो. उत्तर भारताच्या मैदानात माव्याचा उपद्रव अत्यल्प असतो तो काळ हेरून, मावा वाढण्यापूर्वीच पाला कापून टाकण्याची जी पद्धत बटाट्याचे संशोधक डॉ. पुष्करनाथ यांनी रूढ केली, तिच्यामुळेच निरोगी बेणे मैदानी प्रदेशात तयार होऊ लागले. मंचरच्या बाजारात पंजाबातून बेणे येते ते याच कारणाने. पाच किलो प्रमाणित बेणे शेतकऱ्याकडून मागून घेणे हे टोपलीतील फुकटच्या बटाट्यापेक्षा अखेरीस स्वस्त पडते. उलटपक्षी, लासलगावच्या केंद्रात कांद्याला देतात तशी किरणप्रक्रिया झालेल्या बटाट्याला कोंब येतच नाही. त्याची वाट पाहत बसू नये.

आता कोंबाविषयी. आमच्या घरी माझी आत्या बेणे कोठीच्या अंधारात घोंगडीखाली ठेवत असे, आणि वीतभर लांब पांढरे कोंब निघाले की बेणे जोमदार निघाले म्हणून तिला समाधान वाटे. ते कोंब हात लागताच मोडत. वस्तुतः अंधारातील लांबी हे जोमाचे लक्षण नसून प्रकाशाच्या शोधातील उपासमार आहे. कंदातील साठा त्यात व्यर्थ खर्ची पडतो. लावणीपूर्वी दोन-तीन आठवडे बेणे सावलीत, पण उजेड पोहोचेल अशा जागी, टोपलीत एकेरी थराने, डोळ्यांचा घोळका असलेला शेंडा वर करून मांडावे. मग बोटाच्या पेराहूनही आखूड, जाड, हिरवट-जांभळे कोंब येतात आणि ते हाताळणीत टिकतात. शेंड्याचा एकच कोंब बाकीच्यांना दाबून धरीत असेल तर तो खुडावा, म्हणजे इतर डोळे जागे होतात. उजेडाने बेणे हिरवे पडले तर लावणीला ते उत्तमच. खाण्याला मात्र वर्ज्य, कारण हिरवेपणाबरोबर वाढणारे सोलानिन हे विष शिजवल्यानेही जात नाही.

जितके डोळे तितकी झाडे, असा हिशेब करून बटाट्याचे बारीक तुकडे पाडणारे लोक हे विसरतात की कोंबाला पाने फुटेपर्यंत त्याची शिदोरी म्हणजे तो तुकडाच असतो. कोंबडीच्या अंड्याएवढे बेणे अखंडच लावावे. मोठे असेल तर उभे कापून प्रत्येक फोडीला दोन-तीन डोळे आणि ३० ते ४० ग्रॅम वजन राखावे, आणि सावलीत गोणपाटावर दोन दिवस पसरून कापावर कोरडी त्वचा धरू द्यावी. राख चोळण्याची चाल वाईट नाही, ती कापाचे पाणी शोषते. पण जखम भरून काढण्याचे काम कंद स्वतःच करतो, आणि त्याला तेवढा अवधी न देता ओल्या मातीत पुरलेली फोड कुजते.

मूळ समजून बेणे हातभर खोल पुरणे हेही चूकच. नवे बटाटे बेण्याच्या खाली येत नाहीत. खोडाच्या जमिनीतील फांद्यांच्या टोकांना, बहुतांशी बेण्याच्या वरच्या मातीत, ते धरतात. म्हणून वाफसा आल्यावर चार बोटे खोल लावून, महिन्याभराने झाड वीतभर झाले की दोन्ही बाजूंनी मातीची भर द्यावी. आमच्या मुरमाड मातीत शेणखत आणि पोयटा मिसळला तर ही भर भुसभुशीत राहते. निव्वळ काळी माती भेगाळते, भेगेतून ऊन शिरते आणि बटाटा हिरवा पडतो.

पाण्याने बटाटा पोसतो खरा, पण साचलेल्या पाण्याने सडतो. पाला पिवळा पडू लागला की पाणी तोडावे, आठ-दहा दिवसांनी एक झाड उकरून त्याच्या बटाट्यावर अंगठा घासून पाहावा. साल सुटली तर आणखी आठवडाभर थांबावे, आणि न सुटली तर सकाळच्या गारव्यात काढणीला बसावे.