आधी काच पुसा, मग मीटरचा कान पिळा

पावसाळा लागला की जलशुद्धीकरण केंद्रांवरून आम्हा कॅलिब्रेशनवाल्यांचे फोन खणखणू लागतात. तक्रार ठरलेली. "साहेब, टर्बिडिटी मीटर येडं झालंय. फिल्टरचं पाणी ग्लासात नितळ दिसतंय आणि हे सहा दाखवतंय!" पिण्याच्या पाण्याच्या गढूळपणाला भारतीय मानकाची मर्यादा १ एनटीयू, दुसरा स्रोतच नसेल तर ५. त्यामुळे सहा दिसले की रात्रपाळीची झोप उडणारच.

बिघाड बहुतेक वेळा सर्किटमध्ये नसतो, काचेवर असतो. मीटर पाण्यात प्रकाश सोडतं आणि कणांवर आदळून काटकोनात विखुरलेला प्रकाश मोजतं. काचेवरचा शेवाळी बुळबुळीतपणा किंवा हवेचे बुडबुडेही त्याला गाळच वाटतात. थर जाड झाला की गणित उलटतं. प्रकाशच अडतो आणि गढूळ पाणी स्वच्छ ठरतं. आम्हाला जास्त भीती या दुसऱ्या प्रकाराची.

एका केंद्रावर २० एनटीयूच्या स्टँडर्ड द्रावणाला मीटर १४ दाखवत होतं. आधी येऊन गेलेल्या कोणीतरी काच न पुसताच आकडा वीसवर बसवून दिला. काही दिवसांनी तिथल्या ऑपरेटर मामांनी सेन्सर काढून छान धुतला, आणि रीडिंग एकदम चढलं. पाणी बिघडलं समजून तुरटीचा डोस वाढवला गेला. आम्ही पोहोचलो तेव्हा मामा रागातच होते : "धुतलं म्हणूनच बिघडलं. आता मी हात लावायचा नाही!" तेच द्रावण पुन्हा धरलं, तर मीटर अठ्ठावीसच्या वर. मळ गृहीत धरून हिशोब बसवलेला. मळ गेला, हिशोब उरला. धुतलेल्या काचेवर नव्याने कॅलिब्रेशन केलं, तेव्हा कुठे मामांचा पारा उतरला.

ते द्रावण म्हणजे पातळ केलेलं फॉर्माझिन. हायड्राझिन सल्फेट आणि हेक्सामिन एकत्र करून साधारण २५ अंशांवर २४ तास ठेवलं की ४००० एनटीयूचं दुधाळ द्रावण तयार होतं. हायड्राझिन विषारी, म्हणून हातमोजे हवेतच. कण तळाशी बसतात, म्हणून वापरण्याआधी बाटली हलकेच उलटसुलट करायची. घुसळली तर बुडबुडे होतात. ओतलेलं द्रावण परत बाटलीत टाकायचं नाही.

टेबलावरच्या मीटरची काचेची कुपी तर फारच नाजूक प्रकरण. बोटाचा ठसासुद्धा आकडा वाढवतो. थंड पाणी भरलं की बाहेरून दव धरतं, तेही मोजलं जातं. म्हणून कुपी वरच्या कडेला धरायची, सिलिकॉन तेलाचा एक थेंब लावून धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसायची. बारीक ओरखडे त्यात झाकले जातात. कुपीवरची खूण मीटरच्या खुणेसमोर, दर वेळी.

आणि लॉगबुकात धुण्याआधीचं रीडिंगही लिहायचं. अनेक जण फक्त नंतरचं, देखणं रीडिंग लिहितात. पण मीटर किती चुकत होतं आणि पुढची धुलाई किती दिवसांनी करायची, हे त्या पहिल्या आकड्यावरूनच ठरतं.