तारेचे ध्यान आणि बावीस प्रतिज्ञा

उत्तनहून गोराईच्या रस्त्याने निघाले की पुढे सोनेरी पॅगोडा दिसू लागतो. ब्रह्मदेशातील श्वेडगॉनच्या धर्तीवर बांधलेला, आत एकही खांब नसलेला आणि ८,००० माणसे एका वेळी ध्यानाला बसतील एवढा हा घुमट २००९ साली खुला झाला. शेजारच्या केंद्रात दहा दिवसांचे शिबिर करून आलेली आमच्याकडची मुले सांगतात : मूर्ती नाही, मंत्र नाही, श्वास पाहायचा, अंगावरच्या संवेदना पाहायच्या. हे त्यांना पटते, कारण देव सोडलेल्या घरात ती वाढली आहेत. त्यांतलाच एक विद्यार्थी पुढे भाजे लेण्यांजवळच्या शिबिराला गेला आणि परत आल्यावर त्याने विचारले, "सर, तिथे एका हिरव्या देवीचे चित्र आहे. तिचे ध्यान करतात म्हणे. मग आपण देव सोडले ते कशाला?"

प्रश्न रास्त आहे. 'तिबेटी आहे, आपले नाही' एवढे म्हणून तो झटकता येणार नाही. त्याचे उत्तर ज्या आठवणींच्या ग्रंथांत शोधावे लागते ते आपल्याकडे फारसे वाचले जात नाहीत. ते ग्रंथ म्हणजे संघरक्षितांचे 'फेसिंग माउंट कांचनजंगा' (१९९१), 'इन द साइन ऑफ द गोल्डन व्हील' (१९९६), 'द रेनबो रोड' (१९९७) आणि 'प्रेशस टीचर्स' (२००७).

डेनिस लिंगवुड हा १९२५ साली लंडनला जन्मलेला मुलगा दुसऱ्या महायुद्धात सैन्याबरोबर हिंदुस्थानात आला आणि सैन्य सोडून येथेच राहिला. दक्षिणेत बैराग्यासारखा हिंडला. पुढे तो आणि त्याचा बंगाली सोबती सारनाथला दीक्षा मागायला गेले तेव्हा तेथील भिक्षूंनी त्यांना नकार दिला. मग दोघे भर उन्हात पायी कुशीनगरला गेले. १२ मे १९४९ रोजी तेथे भदन्त चंद्रमणींनी त्यांना श्रामणेर केले. वाचकांनी हे नाव नीट लक्षात ठेवावे. सात वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरला बाबासाहेबांना त्रिशरण-पंचशील देणारे भिक्षू हेच.

पुढे काशीला भिक्षू जगदीश काश्यप यांच्यापाशी पाली आणि अभिधम्माचा अभ्यास झाला, १९५० साली सारनाथला उपसंपदा झाली आणि त्याच वर्षी गुरूंच्या सांगण्यावरून कालिम्पाँगला मुक्काम पडला. येथवरचा मार्ग आपल्या ओळखीचा आहे. धर्मानंद कोसंबींच्या 'निवेदन' (१९२४) मध्येही जवळजवळ असेच शिक्षण दिसते : काशी, सिंहल, ब्रह्मदेश. गोव्याच्या त्या फाटक्या विद्यार्थ्याने १९०२ साली नेपाळ गाठले, पण तेथील बौद्ध धर्माची अवस्था पाहून तो निराश झाला आणि सिंहलद्वीपाकडे वळला. हिमालयातला बौद्ध धर्म म्हणजे बिघडलेला धर्म, अशी आपली समजूत तेव्हापासूनची आहे. संघरक्षित मात्र त्या हिमालयाच्या पायथ्याशी चौदा वर्षे राहिले. तिबेटवर चीनचा ताबा बसल्यावर निर्वासित लामा खाली उतरू लागले. त्यांच्यापैकी छत्रल संग्ये दोर्जे, जाम्यांग ख्येन्त्से, धर्दो रिंपोचे अशा गुरूंकडून त्यांनी अभिषेक घेतले. धर्दो रिंपोचे यांनी १९६२ साली त्यांना बोधिसत्त्वाची दीक्षा दिली.

आता ती हिरवी तारा. या साधनेत साधक प्रथम निळे, मोकळे आकाश मनात आणतो. ते आकाश म्हणजे शून्यता. त्यातून एक बीजाक्षर उमटते, अक्षरातून तारेची आकृती उभी राहते. तिचा एक पाय खाली सोडलेला असतो, कारण ती दुःखिताकडे धावून जायला उठते आहे. मंत्र म्हणून झाला की ती आकृती पुन्हा त्याच आकाशात विरघळवायची. हा शेवटचा भाग महत्त्वाचा. जो देव जग निर्माण करतो, नवसाला पावतो, जात ठरवून देतो, त्याला कोणी संध्याकाळी मनातल्या मनात पुसून टाकत नाही. तारा ही करुणेला दिलेले रूप आहे, आणि हे रूप आपणच दिले आहे याचे भान ठेवणे हाच साधनेचा गाभा आहे. बावीस प्रतिज्ञांनी नाकारला तो सृष्टीचा मालक असलेला, अवतार घेणारा देव. तेवढ्यापुरता माझ्या विद्यार्थ्याचा आक्षेप फिटतो.

आणि ही तारा तिबेटातून आलेली नाही. औरंगाबादच्या सातव्या लेण्यात ती आहे. उत्तनपासून फार दूर नसलेल्या कान्हेरीच्या एकेचाळिसाव्या लेण्यात अकरा मुखांचा अवलोकितेश्वर उभा आहे. आपल्याच दगडांतला धर्म येथून गेला आणि बर्फात टिकला. त्याच्याबरोबर आणखी एक गोष्ट टिकली, जी मला अधिक मोलाची वाटते. चौऱ्याऐंशी सिद्धांच्या कथा. मूळ संस्कृत ग्रंथ नाहीसा झाला, तिबेटी भाषांतर राहिले. त्यांत चमारीपा आहे, जोडे शिवणारा. तंतीपा विणकर आहे. मीनपा मासेमार आहे. लुईपा तर राजपुत्र. त्याच्या मनात अन्नाच्या सोवळ्याओवळ्याचा अहंकार उरला होता, म्हणून गंगेकाठी कोळणींनी फेकलेली माशांची आतडी खाऊन तो बारा वर्षे राहिला. उत्तनच्या बंदरावर मासळी साफ करणाऱ्या बायांना ही कथा सांगितली तर त्या हसतील. पण धर्मग्रंथात आपला धंदा एवढ्या मानाने आलेला त्यांनी दुसरीकडे कुठे ऐकला असेल? चमारीपाला गुरूने आरी-रापी टाकायला सांगितले नाही. तेच काम ध्यान करायला सांगितले.

तरीही दोन ठिकाणी माझे मन अडते.

पहिले म्हणजे दंडवत. तांत्रिक साधनेची पूर्वतयारी असलेल्या मूळयोगात एक लाख वेळा जमिनीवर पालथे पडून नमस्कार घालायचा असतो. अहंकार मोडावा हा त्याचा हेतू. पण ज्यांच्या आजोबांनी चावडीपुढे जोहार घालता घालता जन्म काढला, त्यांचा अहंकार मोडायचा की आधी उभा करायचा? लंडनच्या माणसाला वाकणे ही शिकण्याची गोष्ट असेल. आपल्याला ताठ उभे राहायला बाबासाहेबांनी शिकवले, त्यालाही फार वर्षे लोटलेली नाहीत. वाकणे स्वेच्छेचे असेल तर त्याचा अर्थ वेगळा होतो, हे मी मान्य करतो. मात्र ते स्वेच्छेचे आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार वाकणाऱ्याचा असला पाहिजे.

दुसरे म्हणजे गुरू. वज्रयानात गुरूवरील निष्ठेला फार वरचे स्थान आहे. संघरक्षितांनी १९६७ साली इंग्लंडमध्ये संघ स्थापन केला. त्यांच्यावर तरुण शिष्यांशी ठेवलेल्या लैंगिक संबंधांबद्दल आरोप झाले, १९९७ साली ते इंग्रजी वृत्तपत्रात आले आणि २०१६ अखेर त्यांनी स्वतः लेखी खेद व्यक्त केला. २०१८ साली ते वारले. हे दडपून त्यांचे ग्रंथ वाचणे अप्रामाणिकपणाचे होईल. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' च्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी विचारले आहे, बुद्धाने भिक्षू निर्माण केला तो परिपूर्ण माणूस म्हणून की समाजसेवक म्हणून? तो प्रश्न लामालाही लागू आहे आणि लंडनच्या भिक्षूलाही.

त्या प्रश्नाला संघरक्षितांच्या आयुष्यात एक उत्तर सापडते, म्हणून मी त्यांना सोडून देत नाही. १९५२ साली मुंबईत बाबासाहेबांची त्यांची पहिली भेट झाली. महाबोधी सोसायटीचा अध्यक्ष बंगाली ब्राह्मण का, असा सवाल बाबासाहेबांनी त्यांना तोंडावरच केला होता. ६ डिसेंबर १९५६ रोजी ते नागपूरला उतरले आणि थोड्याच वेळात महापरिनिर्वाणाची बातमी आली. संध्याकाळी कस्तुरचंद पार्कवर हातात मेणबत्त्या घेतलेली अफाट गर्दी जमली. व्यासपीठ नव्हते. एकामागून एक वक्ता उठे आणि हुंदक्यांनी खाली बसे. तेव्हा हा भिक्षू रिक्षाच्या बैठकीवर उभा राहून बोलला, आणि पुढच्या चार दिवसांत त्याने वस्त्यावस्त्यांतून अनेक भाषणे केली. दीक्षेला दोन महिनेही झाले नव्हते. ती विस्कटून जाईल अशी भीती होती.

ते काम १९७९ साली पुण्यात स्थापन झालेल्या त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गणाने पुढे चालवले. वसतिगृहे निघाली, शिबिरे निघाली, आणि त्याच वाटेने ती हिरवी तारा आपल्या मुलांपर्यंत आली. माझ्या विद्यार्थ्याला मी 'द रेनबो रोड' दिले आहे. इंग्रजी जड जाते म्हणून तो रोज चार पाने वाचतो आणि समासात पेन्सिलीने प्रश्न लिहितो. परवा त्याचा प्रश्न होता : सारनाथच्या भिक्षूंनी नकार दिला तेव्हा त्यांनी जात विचारली असेल का?