वाळवंटातील पूर आणि परदेशी बिऱ्हाडे

इचोड्याच्या माणसास पाऊस नवा नाही. आदिलाबाद आणि निर्मल यांच्यामध्ये, काश्मीरहून कन्याकुमारीकडे जाणाऱ्या महामार्गावर हे गाव वसले आहे. जिल्ह्यात वर्षाकाठी हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. फार दूर नाही अशा कुंतला येथे कडम नदी कड्यावरून कोसळते. येथील काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि मृगाचे पहिले पाणी त्या भेगांतून पोटभर पिऊन घेते. ओढ्याला लोंढा आला की पलीकडच्याने अलीकडे यावयाचे नाही, एवढे शहाणपण येथे लहान मुलासही असते. मात्र उत्तर तेलंगणातून वर्षानुवर्षे जी मंडळी पोटासाठी आखातात जात आली, त्यांना हे शहाणपण तेथे उपयोगी पडेल असे कोणास वाटावे? दुबईस निघालेल्या मुलाच्या सामानात आई लोणच्याची बरणी ठेवते. छत्री ठेवीत नाही.

१६ एप्रिल २०२४ रोजी दुबईत ती छत्रीही व्यर्थ ठरली असती. आदल्या रात्री सुरू झालेल्या पावसाने दुबईच्या विमानतळावर चोवीस तासांत १४२ मिलिमीटरहून अधिक पाण्याची नोंद झाली. तेथील वर्षाची सरासरी ९५ मिलिमीटरच्या आसपास आहे. म्हणजे दीड वर्षाचा पाऊस एका दिवसात पडला. अल ऐन भागातील खत्म अल शकला या ठिकाणी तर २५४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. १९४९ पासून नोंदी आहेत. इतका पाऊस त्यांत कोठेही नाही.

मिलिमीटर हा शब्द ऐकून पाण्याची कल्पना येत नाही, म्हणून थोडे गणित करणे बरे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. हजार चौरस मीटरच्या लहानशा मैदानावर १४२ मिलिमीटर पाऊस पडला, तर एक लाख बेचाळीस हजार लिटर पाणी साचते. दहा हजार लिटरचे चौदा टँकर भरतील एवढे ते पाणी आहे. आता मैदानाच्या जागी एक संपूर्ण शहर कल्पावे.

हे पाणी जावे कोठे? वाळू पाणी शोषते हे खरे, पण शहर वाळूवर उघडे राहिलेले नसते. डांबर, काँक्रीट आणि फरश्या यांनी जमीन झाकलेली असते. किनाऱ्यालगत भूजलाची पातळीही बरीच वर असते आणि भूभाग सपाट, त्यामुळे उतार असा नाहीच. वर्षातून मोजके दिवस पडणाऱ्या पावसासाठी सर्वत्र गटारे बांधणे हा पूर्वी अनाठायी खर्च वाटला असणार. साचलेले पाणी टँकरने उपसून नेण्याची रीत तेथे होती. चार सरींना ती पुरे. या पावसापुढे ती हतबल झाली. बारा पदरी शेख झायेद मार्गावर मोटारी पाण्यात अडकल्या. बाराशेहून अधिक विमानांची उड्डाणे रद्द झाली.

मुंबईकराने मात्र हसू नये. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या जुन्या गटारांनीही हात टेकले होते. आणि ते शहर तर दर वर्षी पावसाची वाट पाहणारे.

ढगांत क्षार फवारून पाऊस पाडण्याचा उद्योग अमिरातीत बरीच वर्षे चालतो. साहजिकच, माणसाने निसर्गाशी खेळ केला म्हणून हे घडले, अशी आवई उठली. वादळाच्या वेळी असा प्रयोग केलेला नव्हता, असे तेथील हवामान केंद्राने सांगितले. शिवाय, फवारणीने असलेल्या ढगातून थोडे अधिक पाणी काढता येते. नसलेला ढग निर्माण होत नाही. ही प्रणाली ओमानपासून अमिरातीपर्यंत पसरली होती. खरे कारण आकाशात पाहावे. उष्ण समुद्रावरील दमट हवा कमी दाबाच्या पट्ट्याकडे खेचली गेली आणि ढगांचा समूह संथ गतीने सरकत राहिला. हवा एक अंश तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते. त्या प्रदेशात एल निनोच्या वर्षांतील असा तीव्र पाऊस आता १० ते ४० टक्के अधिक झाला आहे, असा शास्त्रज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाचा निष्कर्ष आहे.

पुराचा सर्वांत करुण भाग ओमानात घडला. समद अल शान येथे १४ एप्रिलला वाहन लोंढ्यात सापडून दहा शाळकरी मुले बुडाली. अरबी मुलुखात कोरड्या नदीपात्रास वादी म्हणतात. वर्षभर तेथून रस्ता जातो, आणि दूर डोंगरात पडलेला पाऊस इथे ऊन असतानाही अकस्मात येऊन पोहोचतो. अशा पूर आलेल्या वादीत गाडी घालणाऱ्यास २००० दिरहम दंड आणि साठ दिवस वाहन जप्त, असा नियम अमिरातीने २०२३ मध्येच केला होता. आपल्या ओढ्याकाठच्या माणसास तो सांगावा लागत नाही. शहरात वाढलेल्या परदेशस्थास सांगावा लागतो.

अमिरातीत दहांपैकी जवळजवळ नऊ रहिवासी परदेशी आहेत. स्वस्त भाड्यासाठी अनेक भारतीय कुटुंबे शारजात राहून दुबईत नोकरीस जातात. शारजातील काही सखल वस्त्यांत पाणी कित्येक दिवस हटले नाही. वीज नाही, उद्वाहक बंद आणि दहाव्या मजल्यावर लेकरे, अशी अवस्था झाली की घरमालक कोण, दुरुस्ती कोणाची, हे प्रश्न पाण्याबरोबर वर येतात. नागरिकांच्या घरांच्या नुकसानीसाठी सरकारने दोन अब्ज दिरहम मंजूर केले. भाडेकरू परदेशस्थाला मात्र आपला करारनामा व विम्याचा कागद पाहावा लागला. केवळ तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा असलेल्यास बुडालेल्या मोटारीचा पैसाही मिळत नाही. सर्वंकष विमा असावा लागतो.

जून २०२४ मध्ये दुबईने पावसाच्या पाण्याच्या निचऱ्यासाठी तीस अब्ज दिरहमची 'तस्रीफ' योजना जाहीर केली. दिवसाला दोन कोटी घनमीटरहून अधिक पाणी वाहून नेणारे हे जाळे २०३३ पर्यंत पुरे करावयाचे आहे.