ताटापाशी आठवण देणारे माणूस

वर्षावासातल्या एका रविवारी आमच्या वस्तीच्या विहारात ग्रंथवाचनाच्या आधी साखरेची तपासणी ठेवली होती. महिला मंडळाने दोन दिवस आधी घरोघर निरोप दिला होता, की सकाळी सातला या आणि चहासुद्धा न घेता या. चहा न घेता या म्हटल्यावर निम्मी माणसे तिथेच नाराज झाली. तरी साठ-सत्तर जण आले. सफाई कामगार, बिगारी, धुणीभांडी करणाऱ्या बाया, रात्रपाळी करून थेट आलेले दोन वॉचमन. आम्ही बातमी लिहायला गेलो होतो. रांग संपत आली तेव्हा नर्सताई म्हणाल्या, "तुम्ही पण या की. लिहिणाऱ्यांना रक्त नसते का?" आम्ही बोट पुढे केले. आकडा आला ११४.

"बॉर्डरवर आहे," ताई म्हणाल्या.

आमच्या मागे एक काका उभे होते. वय अठ्ठावन्न, आयुष्य बांधकामावर गेलेले. त्यांचा आकडा ११९. ते हसून म्हणाले, "बॉर्डरवर म्हणजे पास झालो की!"

हसणे ऐकून आम्हाला बरे वाटले नाही. या काकांच्या थोरल्या भावाचा पाय सहा वर्षांपूर्वी घोट्याच्या वर कापावा लागला, हे वस्तीत सगळ्यांना ठाऊक आहे. साइटवर पायात खिळा घुसला तो त्यांना कळलाच नव्हता, कारण पायाची जाणीव साखरेने आधीच नेली होती. त्या भावालाही काही वर्षे आधी एका दवाखान्यात 'बॉर्डरवर आहे, गोड खाऊ नका, चालत जा' असे सांगून दोन मिनिटांत बाहेर पाठवले होते. त्यांच्या पत्नी, म्हणजे काकांच्या वहिनी, आम्हाला म्हणाल्या, "गोड आम्ही खातच नव्हतो हो. सणाला काय ती पुरणपोळी. मग साखर आली कुठून?"

वहिनींचा प्रश्न अगदी बरोबर आहे आणि दोन मिनिटांच्या सल्ल्यात त्याचे उत्तर नसते.

आधी आकडे समजून घेऊ. उपाशीपोटी रक्तातली साखर १०० च्या आत असली तर ठीक. १२६ किंवा त्यापुढे असली आणि पुन्हा तपासूनही तशीच आली, तर मधुमेह. मधली १०० ते १२५ ही जी पट्टी, तिला डॉक्टर प्रीडायबेटीस म्हणतात, मराठीत मधुमेहपूर्व अवस्था. जागतिक आरोग्य संघटना ही रेषा ११० पासून धरते, म्हणून दोन डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या तर गोंधळू नये. ग्लुकोजचे पाणी पिऊन दोन तासांनी तपासतात, त्यात १४० ते १९९ ही तीच पट्टी. तिसरी तपासणी एचबीएवनसीची, साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगणारी. तिच्यात ५.७ ते ६.४. बोट टोचून आलेला आकडा हा नुसता इशारा असतो. निदान करायचे ते शिरेतले रक्त प्रयोगशाळेत देऊनच.

विदर्भातल्या वाचकांना इथे एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. तिकडे आपल्या पुष्कळ घरांत सिकलसेल आहे. सिकलसेल असला की एचबीएवनसीचा आकडा फसवू शकतो, साखर असून ती कमी दिसू शकते. तेव्हा घरात सिकलसेल असेल तर डॉक्टरांना आधी सांगा आणि उपाशीपोटीची व ग्लुकोजची तपासणी करून घ्या.

या पट्टीत असताना काही दुखत नाही, खुपत नाही. म्हणून तर माणूस पास झालो म्हणतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात मधुमेही सुमारे १० कोटी १० लाख आणि काठावरचे १३ कोटी ६० लाख असल्याचा अंदाज दिला आहे. काठावरची माणसे जास्त आहेत. आणि परत फिरता येते ते काठावरूनच.

"मी तर काडीसारखा, मला कशाची शुगर?" असे रांगेतले दोघे-तिघे म्हणाले. हा समज पुण्यानेच खोटा ठरवला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या मायबहिणींचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथली बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळे हडकुळी, स्नायू कमी, पण कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून असलेली. वरून बारीक आणि आतून चरबीचे, असे हे आपले शरीर. म्हणून काट्यावरच्या वजनावर विसंबू नये. शिंप्याची फीत घ्या आणि बेंबीच्या आसपास कंबर मोजा. पुरुषाची ९० सेंटिमीटर आणि बाईची ८० सेंटिमीटर, यापुढे गेली की तपासणी करून घ्यावी. आईवडिलांना मधुमेह असेल, गरोदरपणात साखर वाढली असेल, तर फीत न लावताही जावे. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची साखर आणि रक्तदाब सरकारी आरोग्य केंद्रात तपासण्याची योजना आहे. आशाताईंना विचारा.

पुढच्या रविवारी मंडळाने एका आहारतज्ज्ञ ताईंना बोलावले. आम्हाला वाटले व्याख्यान होईल. ताईंनी व्याख्यान दिलेच नाही. काकांना समोर बसवून त्यांनी एकच विचारले, "काका, काल उठल्यापासून झोपेपर्यंत पोटात काय काय गेले ते सांगा. चूक-बरोबर काही नाही, फक्त सांगा."

काका सांगू लागले. पहाटे चहा आणि चार टोस्ट. साइटवर गेल्यावर चहा. दहाला वडापाव. दुपारी डब्यात चार चपात्या आणि बटाट्याची भाजी. मग चहा. घरी आल्यावर चहा. रात्री भात, वर पातळ डाळ, पापड. झोपण्याआधी टीव्ही बघताना अर्धा-एक कप चहा. ताईंनी वहीत पाच कप लिहिले आणि कपाला दोन चमचे साखर धरली. दहा चमचे, म्हणजे सुमारे ५० ग्रॅम. महिन्याला दीड किलो! आणि काका गोड खात नाहीत.

वहिनी मागे बसल्या होत्या. त्यांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिथेच मिळाले. उरलेले अर्धे टोस्ट, पाव, बटाटा, चपाती आणि भात यांत होते. ही सगळी भावंडेच. पोटात गेली की त्यांची साखरच होते. दिवसभरात ताकदीचे, म्हणजे प्रथिनाचे, एवढेच काय ते पातळ डाळीतले.

हे काकांच्या हावरेपणामुळे झाले असे कोणी समजू नये. रेशनवर माणशी पाच किलो धान्य फुकट मिळते, ते मुख्यतः तांदूळ आणि गहू. डाळ, अंडी, भाजी पदरचे पैसे घालून आणावी लागतात. १९७२ च्या दुष्काळात सुकडीवर दिवस काढलेली माणसे आमच्या वस्तीत अजून आहेत. त्यांच्या ताटातला भात कमी करा म्हणताना आमची जीभ अडखळते. ताईंची मात्र अडखळली नाही. त्या म्हणाल्या, "कमी खा असे मी म्हणतच नाही. ताटातली जागा बदला."

अर्धे ताट भाजीचे, त्यात पालेभाजी हवीच. मेथी, शेपू, माठ, अंबाडी, जे स्वस्त असेल ते. पाव ताट डाळ, उसळ, अंडे किंवा मासळीचे. उरलेल्या पाव ताटात भात किंवा भाकरी. दोन्ही नाही. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात आणि मूठभर, म्हणजे २५ ग्रॅम, शेंगदाण्यांतही जवळपास तेवढीच. मटकी, चवळी, हुलगे, हरभरे भिजवून मोड आणले तर एका पावशेरात घरदार जेवते. सुकट-बोंबील उत्तमच, पण मीठ फार, तेव्हा दोनदा धुऊन घ्यावे आणि रक्तदाब असणाऱ्याने बेतानेच खावे. टोस्टचा पुडा आणि रोजचा वडापाव बंद केला तर अंड्यांचे पैसे निघतात, हा हिशेब काकूंनी बसल्या जागी करून दाखवला.

भाकरीविषयी थोडे कडू बोलणे भाग आहे. आपल्याकडे एक समजूत पसरली आहे, की ज्वारी-बाजरीची भाकरी कितीही खाल्ली तरी साखर वाढत नाही. भाकरीत चोथा जास्त असतो, ती चांगलीच. पण आयुर्विज्ञान परिषदेच्याच २०२५ मध्ये आलेल्या आहाराच्या अभ्यासात दिसले, की पिष्टाचे एकूण प्रमाण न घटवता नुसता तांदूळ सोडून गहू किंवा भरडधान्याचे पीठ घेतले, तर धोका कमी होत नाही. दिवसाच्या एकूण ऊर्जेपैकी निव्वळ पाच टक्के वाटा पिष्टाकडून काढून डाळी-कडधान्यांच्या किंवा दुधाच्या प्रथिनांना दिलेल्यांत मात्र धोका कमी आढळला. म्हणजे चार भाकऱ्यांऐवजी दोन, आणि वाटीभर उसळ जास्त.

कष्ट करणाऱ्याने वेगळा व्यायाम करावा का, हाही प्रश्न निघाला. दिवसभर विटा वाहणाऱ्याला आम्ही तरी फिरायला जा म्हणणार नाही. वॉचमन, ड्रायव्हर, शिवणकाम करणाऱ्या बाया आणि आमच्यासारखे लिहिणारे यांनी मात्र रोज अर्धा तास झपझप चालले पाहिजे. दारू-तंबाखूविषयी विहारात बसून वेगळे सांगायला नको.

आता मुद्द्याचे. असल्या सल्ल्याने खरेच काही होते का? हे आपल्याच देशात तपासले गेले आहे. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी काठावरच्या ५३१ माणसांचे चार गट करून सुमारे तीन वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले. २००६ साली निष्कर्ष आले. ज्यांना नेहमीचाच जुजबी सल्ला मिळाला त्यांच्यातल्या शंभरातल्या ५५ जणांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांचा आहार आणि चालणे बदलवले त्यांच्यात ३९ जणांना. मेटफॉर्मिनची गोळी देऊन साधारण तेवढाच फरक पडला, आणि दोन्ही एकत्र देऊनही जास्त काही साधले नाही. वजनही फारसे उतरले नव्हते, तरी मधुमेह टळला. (ही गोळी मनाने कोणी सुरू करू नये, डॉक्टर ठरवतील.) पण त्या माणसांना एकदा सांगून सोडले नव्हते. दोन आठवड्यांनी फोन, मग दर महिन्याला फोन, सहा महिन्यांनी समोरासमोर भेट. पुढे २०१३ मध्ये त्यांनीच ५३७ नोकरदार पुरुषांवर आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. निम्म्यांना मोबाइलवर आठवणीचे छोटे संदेश येत राहिले. दोन वर्षांत संदेश न येणाऱ्यांपैकी २७ टक्के मधुमेही झाले, संदेश येणाऱ्यांपैकी १८ टक्के.

हे वाचताना आम्हाला राजा प्रसेनजिताची गोष्ट आठवली. संयुत्त निकायात ती आहे. कोसलचा हा राजा द्रोणभर भात खायचा. असाच जेवून धापा टाकत तो भगवंतांकडे आला. भगवंतांनी जेवणात मात्रा ओळखण्याविषयी एक गाथा सांगितली. राजाने काय करावे? सुदस्सन नावाचा तरुण मागे उभा होता, त्याला ती पाठ करायला लावली आणि आपल्या जेवणाच्या वेळी रोज म्हणण्याचे काम दिले, दिवसाला शंभर कहापण देऊन! हळूहळू राजा नाळीभर भातावर आला आणि अंगाने हलका झाला. भगवंतांचा उपदेश एकदाच झाला होता, सुदस्सनाचे काम मात्र रोजचे होते. राजाला आपले मन ठाऊक होते, म्हणून त्याने माणूस नेमला.

खुद्द बाबासाहेबांनाही मधुमेहाने फार त्रास दिला. १९४८ साली लग्न झाल्यावर माईसाहेबांनी, त्या स्वतः डॉक्टर असल्याने, त्यांचे पथ्य आणि इन्शुलिन सांभाळले. पथ्य एकट्याने पाळता येत नाही, घर लागते.

काकांच्या घरी सुदस्सन झाली ती सातवीतली नात. "आजोबा, आधी उसळ, मग भात," असे ती ताट वाढले की म्हणते. कहापण नाही, पण दर रविवारी तिला एक पेन मिळते. घरात चहाची साखरही सगळ्यांचीच कमी झाली, कारण एकासाठी वेगळे आधण कोण ठेवणार?

माघ पौर्णिमेच्या सुमारास पुन्हा तपासणी झाली. काकांचा ११९ चा १०६ झाला होता. आमचा ११४ चा ११२. चहा आम्हाला सोडवला नाही, हे कबूल करतो. पण त्या दिवशी आम्हाला वाईट वाटले ते दुसऱ्याच आकड्याने. वहिनी पहिल्या वेळी रांगेत उभ्याच राहिल्या नव्हत्या. नवऱ्याचा पाय, त्याची ड्रेसिंग, त्याचे पथ्य यात त्यांची वर्षे गेली. सगळ्यांची जेवणे झाल्यावर त्या जेवतात. तोवर उसळ संपलेली असते आणि पातेल्यात भात उरलेला असतो. टाकवत नाही म्हणून तो त्याच खातात. या वेळी नर्सताईंनी त्यांचा हात धरून बसवले. आकडा १३१.

दुसऱ्या दिवशी काकाच त्यांना सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. प्रयोगशाळेतही मधुमेहच निघाला. गोळी सुरू झाली आहे, पायाची तपासणीही झाली, जाणीव शाबूत आहे. आणि आता त्या घरात वहिनींचे ताट नात पहिल्या पंगतीलाच वाढते.

पुढची तपासणी वैशाख पौर्णिमेनंतरच्या पहिल्या रविवारी, सकाळी सात वाजता, विहारात. पौर्णिमेची खीर वाटीभरच घ्यावी. अनशापोटी यावे, मागचा कागद असेल तर तो आणावा आणि घरात शेवटी जेवणारे जे कोणी असेल त्याला सोबत घेऊन यावे.